द्रोणागिरी आणि गंधमादन : मराठी वंगप्रेमाची वाचलेली आणि न वाचलेली बाजू

उरणजवळ करंजा बंदराच्या बाजूस उभ्या असलेल्या डोंगरास द्रोणागिरी असे नाव आहे. लक्ष्मणास शक्ती लागली त्या प्रसंगी मारुतीने उचलून नेलेल्या पर्वताचा एक तुकडा वाटेत येथे गळून पडला आणि त्याचाच हा डोंगर झाला, अशी समजूत या भागात परंपरेने चालत आली आहे. डोंगरावर पोर्तुगीज अमदानीतील किल्ल्याचे अवशेष आहेत, करंजात द्रोणागिरी देवीचे स्थान आहे, आणि सिडकोने पनवेल-उरण पट्ट्यात वसविलेल्या उपनगरालाही हेच नाव मिळाले. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत रेल्वे सुरू झाली तेव्हा ते स्थानकाच्या पाटीवरही आले. मराठी माणसास या नावाचे कोडे पडत नाही. समर्थ रामदासांच्या मारुतिस्तोत्रात हा पर्वत ‘द्रोणू’ आहे, आणि ते स्तोत्र अनेक घरांत तिन्हीसांजेला म्हटले जाते.

एखाद्या बंगाली गृहस्थास हाच प्रसंग सांगून पर्वताचे नाव विचारले, तर तो ‘गंधमादन’ म्हणेल. पंधराव्या शतकातील कृत्तिवास ओझा यांच्या रामायणाने बंगालच्या घराघरांत जी रामकथा रुजविली, तीत मारुती विशल्यकरणी नावाची वनस्पती आणावयास जातो आणि ती ओळखता न आल्याने अवघा गंधमादन उचलून आणतो. त्यावरून बंगाली बोलण्यात, मागितले थोडे आणि आणले सगळे अशा माणसाच्या संदर्भात गंधमादनाचा दाखला दिला जातो. याच कथेतील कालनेमी राक्षस मारुतीस अडविण्याआधीच पदरात पडावयाच्या अर्ध्या लंकेची मनातल्या मनात वाटणी करू लागतो. म्हणून हाती न आलेल्या वस्तूवरून आखलेले बेत म्हणजे ‘कालनेमीची लंकावाटणी’. मराठीत हेच काम बाजारातल्या तुरी आणि घरातली भटीण करतात. प्रसंग एक, पर्वताची नावे दोन, आणि त्यांतून दोन भाषांनी आपापल्या संसारोपयोगी म्हणी घडविल्या.

मराठी वाचकाचे बंगालीवरील प्रेम हा आपल्या वाङ्मयेतिहासातील एक सर्वमान्य विषय आहे. ‘शरद्‌बाबू’, ‘रवीबाबू’ ही नावे मराठी मध्यमवर्गीय घरांत दूरच्या पण आपल्या नातलगांसारखी उच्चारली गेली. तथापि या प्रेमाचा विषय नेमका कोणता, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वर दिलेल्या गंधमादनासारख्या गोष्टी, म्हणजे बंगाली माणसाच्या रोजच्या तोंडातील कथा, म्हणी, व्रते, अंगाया, या प्रेमात फारशा आलेल्या दिसत नाहीत. मराठी वाचकाने बंगाल पाहिला तो मुख्यतः कादंबरीच्या खिडकीतून. ती खिडकी कशी उघडली आणि तिच्यातून काय दिसले नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या संबंधाचा आरंभ पुस्तकांतून झाला नाही. सत्येंद्रनाथ ठाकूर हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये निवडले गेलेले पहिले भारतीय. १८६४ पासून त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि निवृत्त होईपर्यंत ते याच भागातील निरनिराळ्या जिल्ह्यांत न्यायखात्यात होते. त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले आणि या प्रदेशाविषयी ‘बोंबाई चित्र’ हा ग्रंथ लिहिला. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी मुंबईत राहिल्या तेव्हा येथील पारशी व गुजराती स्त्रियांची लुगडे नेसण्याची रीत त्यांनी पाहिली, तीत आपल्या सोयीचे फेरफार केले आणि पोलक्यासह ती कलकत्त्यास नेली. बंगालच्या सुशिक्षित स्त्रीचा जो वेश मराठी वाचक पुढे चित्रांतून आणि चित्रपटांतून ‘खास बंगाली’ म्हणून कौतुकाने पाहत आला, त्याच्या घडणीत मुंबईच्या मुक्कामाचा असा वाटा आहे. १८७८ मध्ये विलायतेस जाण्यापूर्वी सतरा वर्षांचे रवींद्रनाथ मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी राहिले. तेथे त्यांना इंग्रजी रीतीभातींचे पाठ देणाऱ्या अन्नपूर्णा तर्खडकर यांस त्यांनी ‘नलिनी’ हे नाव दिले. ही कथा मराठीत अनेकदा आणि बहुधा जरा जास्तच हळवेपणाने सांगितली गेली आहे.

याच्या उलट दिशेने गेलेले नाव सखाराम गणेश देउस्कर (१८६९–१९१२) यांचे. देवघर परिसरात वाढलेला हा मराठी माणूस बंगालीतच लिहीत राहिला. १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘देशेर कथा’ हा ग्रंथ वंगभंगाच्या चळवळीत घरोघर वाचला गेला आणि १९१० मध्ये सरकारने तो जप्त केला. कलकत्त्यात शिवाजी उत्सव रुजविण्यात देउस्करांचा पुढाकार होता. रवींद्रनाथांची ‘शिवाजी उत्सव’ ही १९०४ मधील कविता त्याच वातावरणातील. १९०६ मध्ये त्या उत्सवासाठी लोकमान्य टिळक कलकत्त्यास गेले. काकासाहेब कालेलकरांचे शांतिनिकेतनातील वास्तव्य, तसेच यदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांचा दीर्घ स्नेह व पत्रव्यवहार हे या व्यवहाराचे पुढील टप्पे होत. एवढ्या काळात दोन प्रांतांतील विद्वान आणि कार्यकर्ते एकमेकांस ओळखू लागले होते. सामान्य वाचक अजून दूरच होता.

त्यास जवळ आणण्याचे श्रेय अनुवादास, आणि अनुवादकांत विशेषेकरून मामा वरेरकर यांस (१८८३–१९६४) द्यावे लागते. बंकिमचंद्र आणि शरच्चंद्र यांच्या कादंबऱ्या त्यांनी इतक्या सातत्याने मराठीत आणल्या, की सार्वजनिक वाचनालयाच्या कपाटात त्या मराठी कादंबऱ्यांच्या रांगेतच बसल्या आणि पुष्कळ वाचकांनी त्या तशाच वाचल्या. शरच्चंद्रांचे मराठी वाचकास, आणि त्यातही मराठी स्त्रीवाचकास, एवढे आकर्षण का वाटले याचे उत्तर हरिभाऊ आपटे यांच्याशी तुलना केल्यास सापडते. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी वाचकास आरोपीच्या जागी उभे करते. शरच्चंद्रांची कादंबरी त्यास रडू देते. तिच्यातील विधवा, परित्यक्ता, दुसऱ्याच्या घरी राबणारी आत्या किंवा मावशी ही पात्रे वाचकाकडून निवाडा मागत नाहीत. ती पानावर वाढतात, पंख्याने वारा घालतात आणि जेवणाऱ्याने अर्धे टाकले तर डोळे पुसतात. सुधारणेच्या वादात थकलेल्या घरास हा दिलासा हवाहवासा वाटला असल्यास नवल नाही. मात्र या दिलाशाने हरिभाऊंचा प्रश्न काही काळ बाजूस पडला, हेही मान्य करावयास हवे.

पु. ल. देशपांडे यांचे वंगप्रेम याहून वेगळ्या जातीचे. वयाच्या पन्नाशीत त्यांनी बंगाली शिकावयास घेतली, त्यासाठी शांतिनिकेतनात मुक्काम केला, आणि त्या अनुभवातून ‘वंगचित्रे’ (१९७४) हे पुस्तक झाले. रवींद्रनाथांच्या ‘छेलेबेला’ या बालपणीच्या आठवणींचा ‘पोरवय’ हा त्यांचा अनुवाद मूळ भाषेतून झालेला आहे. भाषा शिकल्यामुळे पु. लं.ना दुकानदार, रिक्षावाला, बाउल यांचे बोलणे ऐकू आले. मराठी लेखनात बंगाली माणूस कादंबरीबाहेर चालताना दिसतो तो येथे. अशोक शहाणे यांनी बंगाली शिकून केलेले अनुवाद आणि लघुनियतकालिकांच्या काळात कलकत्त्याच्या बंडखोर लेखकांशी ठेवलेला संबंध यांनी शांतिनिकेतनी प्रसन्नतेपलीकडचा बंगाल काही वाचकांपर्यंत आणला. रंगभूमीवर बादल सरकार आले, आणि तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक बंगालीत गेले. चित्रपटाचे तर सांगावयासच नको. बिमल रॉय यांच्या ‘परिणीता’ (१९५३) आणि ‘देवदास’ (१९५५) यांनी वाचनालयाची पायरी न चढणाऱ्यांपर्यंतही शरच्चंद्र पोचविले. उरणच्या किनाऱ्यास शोभेल असे एक उदाहरण येथे नमूद करण्याजोगे आहे. शान्ता शेळके यांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत असलेले ‘मी डोलकर’ हे कोळीगीत लता मंगेशकरांसह गायिले ते हेमंतकुमार मुखोपाध्याय यांनी. कोळीवाड्यातील हळदीत ते वाजते तेव्हा गाणारा बंगाली आहे याचे भान कोणास राहत नाही, आणि प्रेमाचा हा प्रकार कदाचित सर्वांत निर्वेध म्हणावा लागेल.

अनुवादातून पोचलेल्या बंगालात काय निसटले, याचा विचार शब्दांपासून करणे सोयीचे. मराठी आणि बंगाली या दोन्ही भाषा संस्कृत शब्दांनी समृद्ध असल्यामुळे अनुवादकाची वाट सोपी वाटते, आणि ती तशी वाटते म्हणूनच फसवी आहे. काही शब्द खरोखरच सख्खे आहेत. ‘राग’ म्हणजे क्रोध आणि ‘संसार’ म्हणजे घरप्रपंच, हे अर्थ दोन्ही भाषांत आहेत. पण बंगालीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, ‘अपेक्षा’ म्हणजे वाट पाहणे आणि ‘आदर’ म्हणजे लाड. इथवरचे घोटाळे शब्दकोश उघडल्यास मिटतात. ‘अभिमान’ या शब्दाचे मात्र तसे नाही. बंगालीत अभिमान म्हणजे ज्याच्यावर हक्काने प्रेम केले त्याने उपेक्षा केली असता मनात धरलेला अबोल रुसवा. तो परक्या माणसावर धरता येत नाही. त्यात गर्व नाही, तक्रारही नाही. समोरच्याने आपणहून ओळखावे एवढीच इच्छा आहे. मराठी ‘रुसवा’ त्याच्या जवळ जातो, पण रुसव्यात थोडी लाडिक छटा आहे आणि तो बोलून दाखविता येतो. जेथे अनुवादक मूळचाच शब्द ठेवतो तेथे रुसलेली नायिका मराठीत ताठ मानेची, मानी होते. जेथे ‘राग’ म्हणतो तेथे ती भांडखोर होते. शरच्चंद्रांच्या कादंबऱ्यांतील निम्मे कथानक या एका भावनेवर चालते. तेव्हा मराठी वाचकाने ज्या स्त्रीवर प्रेम केले ती मूळ बंगाली स्त्री किती आणि अनुवादात घडलेली किती, हा प्रश्न शैलीविचारापुरता मर्यादित राहत नाही.

दुसरी निसटलेली गोष्ट ताटातील. बंगालमधील उच्चवर्णीय विधवेस मासे वर्ज्य असत. भात आणि मासे हे जेथे रोजचे अन्न, अगदी ब्राह्मणाच्या घरीही, तेथे नवऱ्यामागे स्त्रीच्या ताटातून मासा जाणे म्हणजे काय, हे पुण्याच्या शाकाहारी वाचकास शब्दांनी कळले तरी जिभेने कळणे कठीण होते. त्याच्या लेखी तो एक व्रतनियम झाला. करंजा, मोरा, आवरे येथील घरात हा प्रसंग वाचून दाखविला असता तर टीप देण्याची आवश्यकता पडली नसती. पण बंगाली कादंबरीचा मराठी वाचक म्हणून ज्याची कल्पना अनुवादकापुढे आणि प्रकाशकापुढे होती, तो या घरातील नव्हता.

याच घरांत बंगालशी जुळणारा एक धागा मात्र दरवर्षी भाद्रपदात नव्याने विणला जातो. मराठी गौर ही माहेरवाशीण. ती तीन दिवसांसाठी येते, पहिल्या दिवशी तिला पावलापावलाने घरात आणावयाचे, दुसऱ्या दिवशी जेवू घालावयाचे, तिसऱ्या दिवशी निरोप द्यावयाचा. रायगडच्या किनाऱ्यावर अनेक घरांत तिला तिखटाचा, म्हणजे मासे-मटणाचा, नैवेद्य असतो. घाटावरील पाहुण्यास याचे आश्चर्य वाटते, पण माहेरी आलेल्या लेकीस तिच्या आवडीचे जेवण नको काय? रात्री फेर धरून जी गाणी म्हटली जातात त्यांत सासरचा जाच आणि माहेरची ओढ हेच दोन विषय. बंगालमधील दुर्गा ही महिषासुरमर्दिनी असली तरी गाण्यांतून ती उमा आहे, हिमालय आणि मेनका यांची लेक. भिकारी, भांगेडी नवऱ्याच्या घरून ती वर्षातून एकदा मुलाबाळांसह माहेरी येते. तिला बोलावण्याची गाणी ती ‘आगमनी’ आणि दशमीस निरोप देण्याची ती ‘विजया’. या गाण्यांत मेनका नवऱ्यामागे धोशा लावते, की लेकीचे काय चालले आहे ते जाऊन पाहून या. नवमीची रात्र सरू नये अशी तिची आळवणी असते. देवीस लेक मानणारी ही दृष्टी मराठी ओवीला इतकी जवळची आहे, की साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये संकलित केलेल्या माहेरच्या ओव्या आणि आगमनी यांचा एकत्र अभ्यास हा पदव्युत्तर प्रबंधाचा उत्तम विषय होईल. मराठीत दुर्गापूजेची वर्णने विपुल झाली. आगमनीकडे त्या मानाने फार थोड्यांचे लक्ष गेले. मूर्ती, आरास आणि गर्दी पाहावयास भाषा लागत नाही.

व्रतकथांचेही असेच. अवनींद्रनाथ ठाकूर यांनी ‘बांग्लार ब्रत’ या पुस्तकात (१९१९) बंगाली मुलीबाळींची व्रते आणि त्यांच्या अल्पना जमविल्या. दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांच्या ‘ठाकुरमार झुली’ (१९०७) या लोककथासंग्रहास रवींद्रनाथांनी प्रस्तावना लिहिली. आपल्या चातुर्मासातील कहाण्यांशी यांचे नाते उघड आहे. आटपाट नगर दोन्हीकडे आहे, नावडती राणी दोन्हीकडे आहे, आणि वसा घेणारी बाई उतत नाही, मातत नाही. मनसा देवीच्या मंगलकाव्यातील बेहुला सर्पदंशाने मेलेल्या नवऱ्याचे शव केळीच्या तराफ्यावर घेऊन नदीने देवलोकास जाते. मराठी सावित्री यमाशी बोलून जिंकते; बेहुलेस बोलण्याबरोबर इंद्रसभेत नाचावेही लागते. दोघींच्या कथांतील हा फरक दोन प्रदेशांच्या कलाविषयक दृष्टीबद्दल पुष्कळ सांगून जातो.

लोकपरंपरेत शिरल्यावर सगळेच असे गोड निघत नाही, आणि येथे द्रोणागिरीच्या कथेची एक वेगळी बाजू आठवते. उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात द्रोणागिरी नावाचे एक गाव आहे. मारुतीने आपला पवित्र पर्वत तोडून नेला म्हणून तेथील लोक त्याची पूजा करीत नाहीत, असे प्रसिद्ध आहे. जेथे तुकडा पडला तेथे ती कथा भाग्याची; जेथून तो गेला तेथे ती चोरीची. मराठी आणि बंगाली यांच्या संबंधातही असा एक तुटलेला डोंगर आहे, आणि मराठीतील वंगप्रेमाने त्याच्याकडे बहुधा पाठ केलेली आहे.

बंगालमध्ये मुलास झोपविताना म्हटली जाणारी सर्वांत प्रसिद्ध अंगाई ‘बर्गीं’ची आहे. मूल झोपवता झोपवता आई बर्गी आल्याची वार्ता देते, आणि पाखरांनी धान खाऊन टाकल्यावर सारा कशाने भरावयाचा या विवंचनेत पडते. हे बर्गी म्हणजे मराठे. शब्द आपल्याच ‘बारगीर’ वरून गेलेला, तो फारसीतून आलेला. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळते तो बारगीर. लष्करी उतरंडीत हा खालचा स्वार, आणि बंगाली स्मृतीत अवघ्या मराठ्यांना नाव मिळाले ते त्याचे. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी १७४२ ते १७५१ या काळात बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या. कलकत्त्याच्या वस्तीने त्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये खंदक खणावयास घेतला. तो ‘मराठा खंदक’ म्हणूनच ओळखला गेला. १७५१ च्या तहाने ओरिसाचा मुलूख भोसल्यांकडे आला आणि बंगालच्या चौथाईपोटी दरसाल बारा लाख रुपये ठरले. मराठी इतिहासलेखनात या मोहिमा सामान्यतः राज्यविस्ताराच्या प्रकरणात येतात. अंगाईत त्या शेताच्या हिशेबात येतात. तलवार तीत कोठे नाही. दाणा नाही आणि देणे आहे, एवढीच तक्रार आहे. मूल झोपल्यावर आईस जी चिंता उरते ती हीच असावयाची.

गंगाराम या कवीचे ‘महाराष्ट्र पुराण’ हे काव्य याच स्वाऱ्यांवरचे असून ते त्याच काळात लिहिले गेले. त्याची रचना मराठी अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. पृथ्वीवर पापाचा भार झाला म्हणून शंकर नंदीस आज्ञा देतो, नंदी शाहू राजास प्रेरणा करतो, आणि मराठे बंगालवर येतात. म्हणजे आरंभी बर्गी हे दैवी शासनाचे हस्तक आहेत. पुढे ते गावे जाळतात, स्त्रियांवर अत्याचार करतात, ब्राह्मण-वैष्णवांनाही सोडीत नाहीत. तेव्हा पार्वती त्यांच्यावर कोपते आणि नवाबाच्या पाठीशी उभी राहते. या कथेला इतिहासाचा आधार आहे तो असा, की रघूजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर यांनी १७४२ च्या आश्विनात काटव्याजवळ मोठ्या थाटाने दुर्गापूजा मांडली होती, आणि ती पुरी होण्यापूर्वीच अलीवर्दीखानाने नदी ओलांडून छापा घातला. पूजा अर्धी टाकून मराठ्यांना निघावे लागले. दीड वर्षाने, मार्च १७४४ मध्ये, बोलणी करण्याच्या मिषाने तंबूत बोलावून अलीवर्दीने भास्करपंतांना ठार केले. मराठी बखरीच्या वळणाने पाहिले तर हा विश्वासघात आहे आणि तो तसा आहेच. गंगारामाच्या दृष्टीने देवीने आपला प्रसाद काढून घेतला. बंगालच्या भूमीवर मराठी माणसाने मांडलेल्या त्या दुर्गापूजेची आठवण आपल्या वंगप्रेमाच्या कथनात आली पाहिजे. तर्खडकरांच्या घरातील ‘नलिनी’ इतकीच, निदान तिच्या खालोखाल तरी.

मराठी विद्यार्थ्यास या गोष्टी वाचताना संकोच वाटतो आणि तो प्रामाणिक असतो. परंतु त्या संकोचामुळे अंगाईचा अर्थ ‘चोर-दरोडेखोर’ असा मोघम करून टाकण्याची जी प्रवृत्ती दिसते, ती प्रेमाची नव्हे. बंगाली लेखकांनी स्वतः या दोन आठवणींतून मार्ग काढला आहे. ज्या प्रांतात बर्गींची अंगाई म्हटली जात होती त्याच प्रांतात शिवाजी उत्सव झाला. महाश्वेता देवींचे पहिले पुस्तक ‘झाँसीर रानी’ (१९५६) हे एका मराठी राणीवरचे आहे, आणि त्यासाठी त्या झाशी-ग्वाल्हेरच्या भागात हिंडून लोकांच्या तोंडच्या गोष्टी व गीते ऐकत होत्या. तक्रारीची आठवण पुसून टाकल्यावाचून आपुलकी धरता येते, याचे हे उदाहरण आहे.

हा विषय ग्रंथालयापुरता राहिलेला नाही. न्हावा-शेवा येथील बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, त्यामागून गोदामे आली आणि द्रोणागिरीच्या खाडीकाठच्या भरावावर इमारती उठू लागल्या. नवी मुंबईच्या अशा बांधकामांवर मालदा, मुर्शिदाबाद या जिल्ह्यांतून आलेले मजूर आहेत. वाशी-नेरूळकडील बंगाली रहिवाशांची दुर्गापूजा मराठी शेजाऱ्यांस परिचित आहे, तिचे निमंत्रणही असते. बांधकामाच्या पत्र्याआडून ऐकू येणारी बंगाली मात्र वेगळी. तिच्यात पूर्वेकडील बोलींचे उच्चार आहेत, बोलणारे बहुधा मुसलमान आहेत, आणि शरद्‌बाबूंच्या भाषेवर लोभ असलेल्या कानास ती बंगाली म्हणून ओळखूच येत नाही; ओळखू येते ती संशयाने. १९९८ मध्ये मुंबईतून बांगलादेशी म्हणून रवाना केल्या जाणाऱ्या बंगाली भाषक जरीकामगारांना पश्चिम बंगालमध्ये उलुबेरिया स्थानकावर लोकांनी गाडी अडवून सोडविले होते. नागरिकत्वाचा निवाडा कागदपत्रांनी व्हावयाचा. पण एखाद्याची बोली हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा होऊ लागतो, तेव्हा त्या भाषेवर प्रेम करणाऱ्या वाचकवर्गाकडून काही अपेक्षा करता येते. निदान, मुर्शिदाबादची बंगाली हीही बंगालीच आहे, एवढे त्याने सांगावे.

वाङ्मयाच्या अभ्यासकास येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. मालद्याच्या ‘गंभीरा’ या प्रकारात शंकरास ‘नाना’ म्हणून समोर बसवितात आणि वर्षभराची गाऱ्हाणी त्याला थट्टेच्या सुरात ऐकवितात. मुर्शिदाबादच्या ‘आल्काप’मध्ये स्त्रीवेश घेणारा ‘छोकरा’ असतो. आपल्या तमाशातील नाच्या पोऱ्याशी त्याची तुलना अटळ आहे. सैयद मुस्तफा सिराज हे तरुणपणी आल्कापच्या फडात होते आणि त्या जीवनावर त्यांनी ‘मायामृदंग’ ही कादंबरी लिहिली. अद्वैत मल्लबर्मन यांची ‘तितास एकटि नदीर नाम’ ही कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर १९५६ मध्ये निघाली. लेखक मालो या मासेमार जातीतील, नायक म्हणावा तर नदी, आणि कथा नदी आटल्याने उजाड होणाऱ्या मासेमार वस्तीची. भराव, बंदर आणि बुजत चाललेल्या खाड्या पाहिलेल्या उरण-पनवेलच्या कोळीवाड्यांत या कादंबरीस वाचक मिळणे अशक्य नाही. महाविद्यालयांच्या बंगाली-मराठी तौलनिक अभ्यासक्रमांत शरच्चंद्रांच्या जोडीस हिला जागा देण्यास हरकत नसावी.

क्षेत्रीय संकलनाचा आरंभ अंगायांपासून केल्यास सोपे जाईल. त्या प्रत्येक घरात असतात आणि म्हणून दाखविण्यास गाणारी फारशी लाजत नाही. संकलकाने एक काळजी घ्यावी. ‘बर्गी’ म्हणजे कोण, हे गाणारीसच विचारावे आणि बारगीर शब्दाची व्युत्पत्ती तिला सांगण्याची घाई करू नये. एखादीस तो चोर वाटेल, एखादीस बागुलबुवा, एखादीस नुसताच ताल धरणारा शब्द. जे उत्तर येईल ते तिच्या बोलीतच उतरवून घ्यावे. त्यानंतर तिने संकलकास त्याचे गाव आणि आडनाव विचारले, तर तेही, तिने ज्या शब्दांत विचारले त्या शब्दांत, नोंदीत यावे.